सव्वा मूठ गहू

कानबाईच्या रोटांचं दळण काढताना आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी एका संध्याकाळी सासूबाई सूप घेऊन ओट्यावर बसतात आणि घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकतात. आधी थोरला, मग त्याच्या खालचे, मग नातवंडं. पाळण्यातल्या पोराचीही मूठ पडते. पुण्याला नोकरीला असलेल्याची पडते, वर्षभर तोंड न दाखवणाऱ्याचीही पडते. बायकांची मूठ नसते; त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

लग्न होऊन आले त्या पहिल्या श्रावणात मी मुठी मोजल्या होत्या. घरात पुरुष सात आणि मुठी आठ.

"आठवी कोणाची?" मी नणंदेला हळूच विचारलं.

"फौजी आबांची. सुरतेला असतात."

एवढंच. नंतरची कितीतरी वर्षं मी आबांना पाहिलं ते फक्त सुपात. त्यांच्या नावाचे गहू दळले जायचे, पुरणाचे रोट व्हायचे आणि सोमवारी कानबाई नदीला गेली की आम्ही ते खायचो. रोट भावकीबाहेर द्यायचे नसतात. त्यामुळे आबांच्या वाट्याचे रोटही आम्हीच खायचो. त्यांच्या वाट्याचं शेतही आम्हीच खात होतो, हे मला फार उशिरा कळलं.

मी अमळनेर तालुक्यातली, बँकेत नोकरी करणारी बाई. बँकेतल्या माणसाला नोव्हेंबर महिना म्हणजे हयातीचा दाखला. म्हातारे पेन्शनर काठी टेकत, नातवाचा खांदा धरत येतात. आपण जिवंत आहोत हे सांगायला. मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतं आता ते काम, पण खेड्यातला माणूस काउंटरवर येतोच. त्यात फौजी पेन्शनर लांबून ओळखू येतात. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, कागद प्लास्टिकच्या पिशवीत क्रमाने लावलेले. मी त्यांच्याकडे बघून समजायचे की फौजी म्हणजे पेन्शन, कॅन्टीनचं कार्ड, पोरगा पोलीस भरतीत, दोन मजली घर. आमच्या भागात पोरीच्या बापालाही असंच वाटतं. चाळीसगाव, भडगाव, पारोळा, अमळनेर, कुठल्याही रस्त्याने पहाटे जा, अंधारात पोरं पळताना दिसतील. भरतीसाठी. कपाशीच्या भावावर कुणाचा भरवसा उरला नाही, पळण्यावर अजून आहे.

आबांच्या वेळी पळायलाही फार लागलं नाही. बासष्टच्या लढाईनंतर फौज वाढली होती. आबा अडुसष्ट साली मराठा रेजिमेंटमध्ये भरती झाले, एकाहत्तरची लढाई पाहिली, आणि सत्त्याहत्तरला परत आले. बायको आजारी होती, घरी बघणारं कुणी नव्हतं. स्वतःच्या विनंतीवरून नाव कापून घेतलं. शिपायाला पेन्शन लागायला पंधरा वर्षं नोकरी लागते. त्यांची नऊ झाली होती. नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी हातात आली आणि पुढे काही नाही.

ती ग्रॅच्युइटी विहिरीत गेली. हे शब्दशः आहे. बहात्तरच्या दुष्काळाने हबकलेल्या माझ्या सासऱ्यांनी धाकट्या भावाच्या पैशाने विहीर खोदली, पाणी लागलं, बागायत झाली. विहिरीवर सोसायटीचं कर्ज काढायचं म्हणून एका दिवशी तलाठ्याकडे आबांची सही घेतली. कागद कर्जाचा नव्हता, हक्कसोडीचा होता. सासऱ्यांनी फसवलं म्हणावं तर ते आता नाहीत, आणि सासूबाई म्हणतात की त्यांनाही तलाठ्याने सांगितलं तेच कळलं. मला खरं काय ते ठाऊक नाही. सातबाऱ्यावर आबांचं नाव नाही, एवढं ठाऊक आहे.

दोन वर्षांनी बायको गेली. मूलबाळ नव्हतं. आबा सुरत-भुसावळ पॅसेंजरने सुरतेला गेले. खान्देशातल्या माणसाला पोट भरायला सुरत जवळ, मुंबई लांब. आधी मिलमध्ये, मग वॉचमन.

या वॉचमनकीकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. फौजेतून आलेल्या माणसाला दुसरी नोकरी सगळ्यात सहज मिळते ती हीच, आणि कंत्राटदार अभिमानाने सांगतो की आमचे गार्ड माजी सैनिक आहेत. फाटकाजवळ पत्र्याची केबिन असते. एक खाट, एक स्टोव्ह, खिळ्याला युनिफॉर्म. एकट्या माणसाला खोली भाड्याने घ्यायची गरजच पडत नाही. नोकरी तेच घर. आबा अशा तीन-चार केबिनींमध्ये मिळून पस्तीसेक वर्षं राहिले. मग डोळ्यांत मोतीबिंदू झाला, रात्री गाडीचा नंबर दिसेना, आणि एक तारखेला नवा पोरगा आला. नोकरी गेली त्याच संध्याकाळी घर गेलं. कुणी घराबाहेर काढलं असं म्हणायचीही सोय नाही, कारण घर म्हणून ते कधी कुणी दिलंच नव्हतं.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. फूटपाथवर, पुलाखाली, स्टेशनवर, देवळात झोपलेली माणसं त्या रात्री मोजली गेली. देशभरात १७ लाख ७३ हजारांच्या आसपास आकडा आला. त्या रात्री आबा ड्युटीवर असणार. डोक्यावर पत्रा होता. म्हणजे ते त्या आकड्यात नाहीत. आणि मोजले गेले असते तरी त्यांना कुणी विचारलं नसतं की बाबा, तुम्ही फौजेत होतात का.

अमेरिकेत हे विचारतात. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो, त्याच्याशी फोनवर बोलताना हे मला कळलं. तिथे जानेवारीतल्या एका रात्री शहराशहरांतून बेघरांची मोजणी होते आणि त्यात माजी सैनिक वेगळे मोजले जातात. २०१० च्या सुमारास ते ७४ हजारांच्या घरात होते, २०२४ च्या जानेवारीत ३२,८८२. निम्म्याहून कमी झाले. भाच्याच्या ह्यूस्टनने तर २०१५ मध्येच जाहीर केलं की आमच्याकडे माजी सैनिकांची बेघरी संपल्यात जमा आहे. कसं केलं? तो म्हणाला, "मावशी, ते आधी किल्ली देतात. दारू सोड, नोकरी शोध, मग घर देऊ, असं म्हणत नाहीत. आधी घर, मग बाकीचं." भाड्याचा मोठा वाटा सरकारी व्हाउचर भरतं आणि पाठोपाठ एक कार्यकर्ता माणसाला धरून राहतो. त्याने आणखी एक सांगितलं ते मला जास्त आवडलं. १९८८ मध्ये सॅन डिएगोत व्हिएतनाम लढाईतून आलेल्या काही जणांनी मैदानात तंबू ठोकले आणि रस्त्यावरच्या आपल्या जुन्या साथीदारांना तिथे बोलावलं. आंघोळ, दाढी, कपडे, डॉक्टर, वकील, सगळं एका जागी. त्याला नाव दिलं 'स्टँड डाउन'. आघाडीवर थकलेल्या तुकडीला मागे आणून विश्रांती देतात, त्यासाठीचा हा फौजी शब्द.

तिथलं सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. इतका पैसा असलेल्या देशात तेहतीस हजार माजी सैनिक बेघर का, हा प्रश्न उरतोच. पण मोजलं म्हणून कमी झालं, हे मला बँकेतल्या माणसाला पटतं.

आबांकडे वळते. सुरतेहून ते थेट घरी आले नाहीत. गावात आले आणि मारुतीच्या पारावर बसले. लोखंडी काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. तेव्हा आम्ही तालुक्याच्या गावी राहत होतो. गावातलं कुणी ना कुणी सांगायचं, आबा आलेत, पारावर असतात. मी नवऱ्याला म्हटलं, घरी आणू. तो गप्प बसला. चुलत दिराने मात्र स्पष्ट सांगितलं, "वहिनी, एकदा घरात आले की हिस्सा मागतील." एका माणसाची दोन वेळची भाकरी कुणालाच जड नव्हती. जड होती ती विहिरीखालची तीन एकर.

मी तरी काय केलं? श्रावण आला, आठ मुठी पडल्या, मी रोट खाल्ले.

गावाला ते बेघर वाटतच नव्हते. एकदा पारावरच्या माणसाला विचारलं तर आमच्या अहिराणीत म्हणाला, "त्या काय बेघर शेत का? फौजी शेत. पारवर झोपतस." म्हणजे बेघर कुठले, फौजी आहेत, पारावर झोपतात. आपल्या भाषेत बेघर हा शब्द पेपरात आणि सरकारी फॉर्मवर आहे, बोलण्यात नाही. बोलण्यात माणूस 'पारावर असतो', 'स्टँडवर असतो', 'खळ्यात पडून असतो'. सगळीकडे असतो, म्हणून तो कुठे नाही हे कुणाला दिसत नाही. पावसाळ्यात पारावर पाणी यायला लागलं तेव्हा आबा अमळनेरच्या एसटी स्टँडवर गेले, आणि तिथल्या बाकावर त्यांनी दोन हिवाळे काढले. मी रोज त्याच रस्त्याने बँकेत जात होते.

शेवटी त्यांना धरलं ते आम्ही नाही. आमच्या इथे एका निवृत्त हवालदाराची पिठाची गिरणी आहे. रविवारी सकाळी गिरणी बंद असते तेव्हा तिथे सात-आठ माजी सैनिक बसतात. महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये काढतात. त्यातून कुणाच्या झेरॉक्स, कुणाच्या चष्म्याची काच, कुणा विधवेच्या जळगावच्या फेरीचं तिकीट. संस्था वगैरे काही नाही, पाटी नाही, वही आहे. त्यातले एक सुभेदार साहेब स्टँडवर बस पकडायला गेले आणि त्यांना ट्रंकेवरचा नंबर दिसला. म्हाताऱ्याकडे लक्ष नव्हतं, नंबरकडे गेलं. ते ट्रंकेशेजारी बसले आणि हिंदीत विचारलं, "कौन सी पलटन, दादा?" आबा उभे राहिले. सुभेदार साहेब मला पुढे म्हणाले, "मॅडम, धोतर फाटलेलं, पण पाय जुळवून उभे राहिले हो."

ते आबांना घेऊन बँकेत आले, खातं उघडायला. माझ्याच काउंटरवर. मी नाव वाचलं, आडनाव वाचलं. सुभेदार साहेबांनी विचारलं, ओळखता का? मी म्हटलं, माझे चुलत सासरे. रांगेत मागे चार माणसं उभी होती.

आबा माझ्याकडे बघून हसले आणि हात वर केला, आशीर्वादाला करतात तसा. मी त्यांना म्हटलं, घरी चला. त्यावर ते जे म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाही: "मनं घर शे, बेटा. मी बेघर नही."

मग कागदांचं पर्व सुरू झालं, आणि यातलं बरंच मला बँकेत असूनही माहीत नव्हतं. पेन्शन नसलेल्या, पासष्ट ओलांडलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकाला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा निर्वाहाची मदत मिळते. इंग्रजीत तिला 'पेन्युरी ग्रँट' म्हणतात. पेन्युरी म्हणजे अठराविश्वे दारिद्र्य. ती चार हजार होती, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना आठ हजार झाली. हा पैसा येतो सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून. तो सात डिसेंबरचा झेंडा आठवतो? लाल, गडद निळा, फिका निळा, शाळेत टाचणीने खिशाला लावायचे. आम्ही पैसे द्यायचो, दुपारपर्यंत टाचणी बोटाला टोचायची आणि झेंडा पटांगणात पडायचा. १९४९ पासून चाललेला तो दिवस आणि स्टँडवरचे आबा यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मला पन्नाशीपर्यंत वाटलं नव्हतं. महाराष्ट्राने २०२० मध्ये माजी सैनिकांना घरपट्टीही माफ केली आहे. आबांना हे सुभेदार साहेबांनी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

पण या सगळ्याचं दार एकाच किल्लीने उघडतं, डिस्चार्ज बुक. छोटी पुस्तिका. कधी भरती, कधी सुटका, का सुटका, वर्तणूक कशी. ती नसेल तर माणूस फौजी आहे याला त्याच्या पाय जुळवण्याशिवाय पुरावा नाही. आबांनी ट्रंक उघडली. तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक राखाडी गठ्ठा होता, विटेसारखा घट्ट. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि सुरत बुडाली, तेव्हा केबिन पाण्यात गेली. ट्रंक दोन दिवस पाण्याखाली होती. पानं एकमेकांना चिकटली ती कायमची. मी नखाने एक कोपरा सोडवायला गेले, त्याची भुकटी झाली. आमची तापीच ती. इथून गेलेल्या पाण्याने तिथे त्यांना गाठलं.

हरवलेल्या बुकाची दुसरी प्रत मिळत नाही, त्याऐवजी रेकॉर्ड ऑफिसचा दाखला मिळतो. त्यासाठी पोलिसांत नोंद, स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र आणि सर्व्हिस नंबर. नंबर आबांनी, झोपेतून उठवलं तरी सांगतील असा, एका दमात सांगितला, पाढ्यासारखा. बायको कुठल्या साली गेली ते त्यांना दोनदा विचारावं लागलं, नंबर नाही. बेळगावला, मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात कागद गेले. एका कार्यालयात आम्हाला तीनदा परत पाठवलं, एकदा तर फोटोत कान दिसत नाहीत म्हणून. सुभेदार साहेब न चिडता चौथ्यांदा गेले. मी असते तर भांडले असते, आणि भांडून काम बिघडवलं असतं.

दाखल्यानंतर ओळखपत्रासाठी जळगावच्या सैनिक कल्याण कार्यालयात जायचं होतं. मी रजा टाकून आबांबरोबर गाडीत बसले. धरणगाव आलं तसं त्यांना सांगितलं की १८२५ मध्ये औट्रम नावाच्या इंग्रजाने इथे भिल्लांची पलटण उभी केली. सरकारशी लढणाऱ्या भिल्लांना पलटणीत घेतलं, आणि बाकीच्यांना कसायला जमिनी आणि तगाई देऊन वसवलं. इंग्रजाचा स्वार्थ होता त्यात, दयाबिया काही नाही. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जमिनी नावावर करी दिन्ह्यात का नुसत्या कसाले?" मला उत्तर देता आलं नाही. खिडकीबाहेर कपाशी चालली होती.

गेल्या श्रावणात आबा घरी होते. मी नवऱ्याशी भांडून खळ्यातली कपाशीची खोली रिकामी करून घेतली, चुना मारला, खाट टाकली. चुलत दीर आमच्याशी बोलत नाही. हिश्श्याचा विषय अजून कुणी काढलेला नाही, आबांनी तर नाहीच, आणि मला वाटतं तो आपणच काढायला हवा. पण मीही अजून काढलेला नाही. रात्री आबा खाटेवर झोपत नाहीत. दाराबाहेर, ट्रंकेवर डोकं ठेवून झोपतात. सुरुवातीला मला वाईट वाटायचं, आता मी तिथे सतरंजी अंथरून ठेवते.

रोटांचे गहू काढताना ते ओट्याच्या कडेला बसून होते. सासूबाईंचे हात आता थरथरतात, मुठीतून गहू गळतात. आठवी मूठ सुपात पडली तेव्हा त्यांनी आबांकडे पाहिलंही नाही. मी नंतर विचारलं, इतकी वर्षं घरी नव्हते, कुणी आणायलाही गेलं नाही, मग मूठ का टाकायच्या? त्या म्हणाल्या, "जित्ता व्हता ना तो. मूठभर गहूले काय पैसा लागतस?" हे प्रेम होतं, की अपराधाची टोचणी, की नुसता रिवाज, मला सांगता येत नाही. त्यांनाही येत नसावं.

नोव्हेंबरात गिरणीत बसून मी लॅपटॉपवर आबांचा अर्ज भरला. सुभेदार साहेब कागद एकेक करून हातात देत होते. नाव, नंबर, हुद्दा, भरतीची तारीख भराभर झालं. मग 'कायमचा पत्ता' आला. मी आबांकडे बघितलं.

"छप्पन एपीओ लिख," आबा म्हणाले.

सुभेदार साहेब हसले. सीमेवरच्या पलटणीला पत्र पाठवायचा फौजी टपालाचा पत्ता तो. गाव नाही, जिल्हा नाही, नुसता आकडा, आणि तरी पत्र पोचायचं. आबांना हसू आलं नव्हतं. पत्र ज्या पत्त्यावर नक्की यायचं, असा एकच त्यांना आठवत होता.

मी गावातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नंबर टाकला, १४२, आणि पुढे गावाचं नाव. त्यांनी तो दोनदा वाचून घ्यायला लावला. अर्ज गेला, मंजुरी अजून आलेली नाही.

परवा सकाळी पोस्टमन पारावरून आमच्या बोळात वळला तर आबा दारातच उभे. "एकशे चोवीस," त्यांनी त्याला सांगितलं, "मनं काही शे का?"

आतून सासूबाई ओरडल्या, "एकशे बेचाळीस!"